आईबापांच्या पश्चात घर कोणाचे?

देगलूर, मुखेड, बिलोली, उदगीर या मराठवाड्याच्या सीमेलगतच्या मुलुखात ज्या घरी बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल वाढून प्रौढ झालेले आहे, त्या घरच्या आईबापांच्या ओठी उतारवयात एकच प्रश्न येतो : ‘‘आमच्या मागं ह्याचं कसं व्हायचं?’’ हा प्रश्न वरवर पाहता अन्नाचा वाटतो; परंतु किंचित खोलात शिरले म्हणजे ध्यानात येते, की तो मुख्यतः घराचा आहे. रेशनचे धान्य मिळते, दोन वेळचे ताट भावजयही वाढते. पण ज्या माळवदाखाली त्या माणसाने आयुष्याची चाळीस वर्षे काढली, ते माळवद वडिलांच्या निधनानंतर कोणाच्या वाटणीस जाईल, आणि त्यातील एखादी खोली तरी कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर हक्काने त्याच्या कब्जात राहील किंवा कसे, याचे उत्तर आईबापांपाशी बहुधा नसते.

वास्तविक वारसाहक्काच्या बाबतीत कायद्याने हे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. जुन्या धर्मशास्त्रात जन्मतः जड किंवा उन्मत्त असलेल्यास वडिलार्जित मालमत्तेत वाटा नसे. त्याला केवळ पोटगी मिळे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने ही विषमता मोडून काढली, आणि व्याधी, व्यंग वा विरूपता यांच्या कारणावरून कोणाही वारसास वारसा नाकारता येणार नाही, असे त्याच्या 28 व्या कलमात निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे देगलूरच्या घराच्या उताऱ्यावर वडिलांच्या मागे वारसांची नोंद होते, तेव्हा त्या मुलाचे नाव इतर भावांच्या बरोबरीने लागलेच पाहिजे. ते गळते, किंवा हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घेतला जातो, तेव्हा ती घरगुती तडजोड नसते. तो उघड अन्याय असतो, मग भाऊ कितीही मायेचे असोत.

वडिलार्जित घर मुळातच नसेल, किंवा असलेले पडझडीला आले असेल, तर शासनाकडे पाहावे लागते, आणि येथून खरी गुंतागुंत सुरू होते. 19 एप्रिल 2017 पासून अमलात आलेल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे 5 वे कलम म्हणते, की दिव्यांग व्यक्तीस समाजात राहण्याचा अधिकार आहे आणि अमुक एका ठिकाणी वा संस्थेतच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. 37 वे कलम शेतजमिनीच्या व घरांच्या वाटपाच्या सर्व योजनांत किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी 5 टक्के आरक्षण ठेवते, आणि त्यातही स्त्रियांना अग्रक्रम देते. कलमे उत्तम आहेत. तथापि घरकुलाच्या योजना ज्या पायावर उभ्या आहेत, तो पाया व्यक्तीचा नसून कुटुंबाचा आहे, ही गोष्ट कलम लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटली असावी.

प्रधानमंत्री आवास योजनेचेच उदाहरण घ्यावे. 2016 साली सुरू झालेल्या ग्रामीण योजनेत सपाट प्रदेशात घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये मूळ साहाय्य, शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी अशी तरतूद करण्यात आली, आणि लाभार्थ्यांची पहिली यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून काढण्यात आली. त्या गणनेत अभावग्रस्ततेचे जे निकष होते, त्यांत एक निकष असा होता, की घरात दिव्यांग व्यक्ती असावी आणि धडधाकट प्रौढ व्यक्ती एकही नसावी. याचा अर्थ वाचकांनी सावकाश लक्षात घ्यावा. जोवर बाप कुदळ मारू शकतो आणि आई रोजंदारीला जाऊ शकते, तोवर त्या घरातील दिव्यांगत्व या निकषाच्या हिशेबी मोजलेच जात नाही. ते मोजले जाते आईबापांचे हातपाय थकल्यावर, किंवा दोघांनी डोळे मिटल्यावर, म्हणजे ज्यांनी अर्ज करायचा, कागद जमवायचे, गवंड्यामागे उभे राहून पाया आणि भिंती उठवून घ्यायच्या आणि बांधकामाच्या टप्प्यागणिक येणारे हप्ते वेळेवर सोडवून घ्यायचे, तीच माणसे निघून गेल्यावर.

शहराकडची रीत निराळी, परंतु परिणाम तोच. देगलूरला नगरपरिषद असल्याने तेथे 2015 ची शहरी योजना लागू झाली. तिच्या व्याख्येनुसार पती, पत्नी व अविवाहित मुले मिळून एक कुटुंब होते. कमावत्या प्रौढास मात्र, तो अविवाहित असला तरी, स्वतंत्र कुटुंब मानण्याची मुभा नंतर देण्यात आली. म्हणजे लग्न न झालेला आणि कमाई नसलेला पस्तीस वर्षांचा मुलगा बापाच्या कुटुंबातच गणला जातो, आणि बापाचे पक्के घर असेल तर त्याचा स्वतंत्र दावा उभाच राहत नाही. ज्याला स्वतंत्र छपराची गरज सर्वांत अधिक, तोच नेमका व्याख्येबाहेर पडतो.

घर देताना कुटुंबच मोजावे, ही आपल्या राज्यकारभाराची जुनी सवय आहे, आणि तिचे सर्वांत मोठे दर्शन मराठवाड्यालाच घडले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे घेतली. त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली, आणि घरे देण्यात आली ती कुटुंबाच्या जमीनधारणेप्रमाणे, 250 चौरस फुटांपासून 750 चौरस फुटांपर्यंत. भूमिहीनाला लहान घर आणि मोठ्या खातेदाराला मोठे, हा तो हिशेब होता. एवढ्या प्रचंड प्रमाणावर घरे उभारण्याची शासनाची कुवत तेथे निर्विवाद सिद्ध झाली, आणि म्हणूनच मला असे वाटते, की अडचण विटा-सिमेंटची नाही. घराची गरज जमिनीवरून किंवा कर्त्या पुरुषावरून मोजायची की राहणाऱ्या माणसावरून, या विचाराची आहे.

याहूनही मोठी उणीव अशी, की आपले साहाय्य घर बांधण्यासाठी एकदाच मिळते. घरात राहण्यासाठी ते दरमहा मिळत नाही. बौद्धिक दिव्यांग प्रौढाला चार भिंतींइतकीच गरज असते ती सकाळी औषधाची आठवण देणाऱ्याची, गॅस बंद झाला की नाही हे पाहणाऱ्याची, महिन्याचे पैसे मोजून देणाऱ्याची. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने अशा प्रौढांसाठी निवासाची स्वतंत्र योजना सुरू झाली. तीत राहणाऱ्याने आपल्या उत्पन्नाच्या सुमारे 30 टक्के भाडे द्यावे आणि उरलेला भार सरकारने उचलावा, असे सूत्र आहे. स्वीडनमध्ये 1994 पासून मदतनिसासह घर हा कायदेशीर हक्कच झाला. आपल्याकडे दरमहा मिळते ते संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, जे दिव्यांगांसाठी ऑक्टोबर 2025 पासून 1500 रुपयांवरून 2500 करण्यात आले. ही वाढ स्वागतार्ह आहे; परंतु एवढ्या रकमेत अन्न भागवून भाडे आणि मदतनीस दोन्ही सांभाळणे कोणालाही अशक्य आहे.

या पोकळीत महाराष्ट्रातील पालकांनी जे काम स्वतःच्या बळावर उभे केले, त्यापुढे नतमस्तक व्हावेसे वाटते. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने ‘घरकुल’ उभारले, बदलापूरला ‘आधार’ने शेकडो प्रौढांना निवारा दिला आणि नाशिकलाही आपली शाखा काढली. 1999 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही योजना अशाच सामूहिक निवासांना साहाय्य करते. लातूरला हरंगुळ येथे ‘संवेदना’ आणि शहरात ‘उमंग’ अशी केंद्रे आहेत, पण त्यांचे कार्य प्रामुख्याने उपचार आणि शिक्षण यांचे. देगलूरच्या माणसाला प्रौढपणी राहण्याची सोय हवी असेल, तर ती भाषा, शेजार आणि ओळखीची बाजारपेठ सोडून मुंबईच्या वाटेवर शोधायची काय? ज्याला दर सोमवारी त्याच दुकानदाराकडून तीच बिस्किटे घेण्यात स्थैर्य लाभते, त्याला गावापासून तोडणे हे पुनर्वसन खासच नव्हे.

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे, की हयातीतच काही कागद करून ठेवा. मूल अठरा वर्षांचे झाले, की नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांकडील स्थानिक स्तर समितीपुढे अर्ज करून पालकत्वाचा दाखला घ्यावा लागतो, आणि त्यासाठी नांदेडला जावे लागले तरी ती खेप वाया जात नाही. घराचा एक भाग मृत्युपत्राने त्याच्या नावे करावा. वडील सरकारी नोकरीत असतील, तर अशा अपत्यास हयातभर मिळू शकणाऱ्या कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी त्याचे नाव दफ्तरी आजच लावून घ्यावे.

आणि नगरपरिषदेच्या व ग्रामपंचायतींच्या कारभाऱ्यांना दुसरी विनंती. स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे तुम्हांस बंधनकारक आहे. ती वर्षाकाठी थोडी थोडी वाटून टाकण्याऐवजी तीतून गावातच दोन खोल्यांचे भाडे आणि एका मदतनिसाचा पगार देण्याची परवानगी शासनाकडे मागा. 2022 साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करणाऱ्या राज्याने ती नाकारण्याचे कारण नाही. पहिला ठराव देगलूरच्या नगरपरिषदेने करावा.