पिकअपचे टायर घेताना

आज विषय आहे टायरचा. बायकांच्या कार्यक्रमात टायर कशाला, असं काही जणींना वाटेल. पण आता कितीतरी गटांनी मालासाठी पिकअप घेतली आहे. गाडी चालवायला माणूस ठेवला, तरी टायरचे पैसे द्यायची सही आपलीच असते.

आमचंच आधी सांगतो. आमची गाडी टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात जाते. एकदा मागचे दोन टायर बदलायची वेळ आली. दुकानदार म्हणाला, "ताई, साइज तीच आहे, हा घ्या, हजार रुपये वाचतील." आम्ही आकडे जुळवून पाहिले, जुळले, पैसे दिले. पाच महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, क्रेट भरलेले असताना त्यातला एक फुटला. गाडी ओढली गेली आणि मोरीच्या कठड्याच्या अलीकडे थांबली. गाडी चालवणारा आमच्याच गटातल्या काकूंचा मुलगा. त्याला खरचटलंही नाही, पण काकू पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. आम्हीही त्यांना बोलवायला गेलो नाही, तोंडच नव्हतं.

नंतर कळलं की साइज तीच असली तरी तो टायर मोटारीचा होता. शिवाय चार वर्षं दुकानात पडून राहिलेला. दोन्ही गोष्टी टायरवरच लिहिलेल्या होत्या. आम्हाला वाचता आल्या नाहीत, एवढंच.

तर आता वाचायचं कसं ते पाहू. समजा, टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलं आहे. २१५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ इंचाची रिंग. इथपर्यंत सगळे बघतात. आम्हीही इथेच थांबलो होतो. जवळच 'एलटी' किंवा 'सी' अशी इंग्रजी अक्षरं आहेत का बघा. ती हलक्या मालवाहू गाडीच्या टायरवर असतात. मग पुढचा आकडा, तो वजनाचा. १०० असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो, १०६ असेल तर ९५० किलो, १०८ असेल तर १००० किलो. भरलेल्या पिकअपचा जास्त भार मागच्या दोन चाकांवर येतो, त्यामुळे इथे दीडशे किलोचा फरक फार झाला. आपल्या गाडीला किती लागतो ते गाडीच्या पुस्तकात असतं. त्याहून कमी आकड्याचा टायर फुकट दिला तरी घेऊ नका.

टायर कधी बनला तेही बघायचं. डॉट या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. हे चार आकडे कधीकधी टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा टायर उलटवून दाखवायला सांगा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. आयएसआयचा शिक्काही तिथेच बघून घ्या.

रिमोल्ड घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. रिमोल्ड म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला. स्वस्त पडतो, पण आतला सांगाडा किती थकलाय ते वरून दिसत नाही. आमच्या गटाने ठरवलंय, पुढच्या चाकाला कधीच नाही. आणि मोरीच्या त्या प्रसंगानंतर मागेही नाही.

टायर बदलायची वेळ झाली हे कळायला गोटा होईपर्यंत थांबू नका. खाचांच्या आत रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटरच उरली, असं समजा. पावसाळा तोंडावर असेल तर त्याच्या आधीच बदललेला बरा. बदलताना एका आसावरची जोडी बदलायची. एका बाजूला रेडियल आणि दुसरीकडे नायलॉन, असं तर अजिबात नाही.

भाव तीन दुकानांत विचारा. नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा भाव करासकट विचारा. जुन्या टायरचे किती देणार, फिटिंग, बॅलन्सिंग आणि नवा वॉल्व्ह धरून किती, हेही आधीच बोलून घ्या. "बिलाशिवाय घेतलं तर कमी करतो" म्हणाले, तर उठून या. पक्कं बिल नसेल तर वॉरंटी मागायला तोंड राहत नाही. बिलावर प्रत्येक टायरचा नंबर लिहून घ्या.

टायर बसवल्यावर अलाईनमेंट करून घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. मोकळ्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात, ते बहुतेक दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर सापडतात. स्टेपनीची हवा मात्र सगळेच विसरतात. आमच्याकडे ते काम आता त्याच काकू बघतात. दर सोमवारी मीटर लावतात, आकडा वहीत लिहितात आणि मगच मुलाच्या हातात चावी देतात.