दुसरी ओळ आधी

कवितेची पहिली ओळ आधी सुचते आणि दुसरी तिच्या मागोमाग येते, असा वाचकांचा सर्वसाधारण समज असला, तरी यमके जुळविण्यात ज्याने काही काळ घालविला आहे, त्याला ठाऊक असते की पुष्कळदा दुसरी ओळ आधी कायम होते आणि पहिली तिच्यासाठी मागाहून घडवावी लागते. जुळणाऱ्या दोन शब्दांपैकी एक आपणहून आलेला असतो, दुसरा मुद्दाम बोलावून आणलेला. हा बोलाविलेला शब्द पहिल्या ओळीच्या टोकाला बसविला, तर त्याची ओढाताण लपून जाते, कारण तेथे कानाला अद्याप कशाचीच अपेक्षा नसते. तोच दुसऱ्या ओळीच्या अखेरीस ठेवला, की तो केवळ यमकापुरता आला आहे हे शेंबडे पोरही ओळखते.

गणेशोत्सवातील मेळ्यांसाठी पदे रचून देताना माझा शिरस्ता असा, की ध्रुवपद ठरविण्यापूर्वी त्याच्या अंत्याक्षरांची शिल्लक तपासून पाहावयाची. प्रत्येक अंतऱ्याची शेवटची ओळ ध्रुवपदाशी जुळावयाची असल्यामुळे, जे अक्षर दोन शब्दांत संपते त्यावर चार अंतऱ्यांचा डोलारा उभा राहत नाही. मग, समजा, ‘-आळ’ या शेवटाला ‘क’पासून ‘ह’पर्यंत एकेक व्यंजन लावीत जावे: काळ, गाळ, चाळ, जाळ, टाळ, नाळ, फाळ, बाळ, भाळ, माळ, त्यापुढे सकाळ, आभाळ, दुष्काळ, रसाळ. याउलट ‘पुष्प’ हा शब्द कितीही सुंदर असला, तरी त्याच्या जोडीला जेमतेम ‘बाष्प’ येते, आणि तेही स्वर बदलून. अशा शब्दाची तजवीज ओळीच्या पोटातच करावी.

मराठीच्या प्रत्ययांनी हे काम फसवे सोपे केले आहे. ‘गेला’ला ‘आला’ जोडणे याला मी यमक म्हणत नाही. ती प्रत्ययाची पुनरुक्ती होय. नामाला क्रियापद भेटावे, ‘उन्हाळा’ला ‘टाळा’ मिळावा, म्हणजे कानाला ओळख आणि आश्चर्य दोन्ही लाभतात. लिपीवरही विसंबू नये: ‘लाज’ आणि ‘समाज’ कागदावर एकाच अक्षराने संपतात, परंतु पहिल्यातील ‘ज’ दंततालव्य आणि दुसऱ्यातील तालव्य, म्हणून मोठ्याने म्हणताच जोडी विसंवादी वाटते.

पूर्वसूरींनी या बाबतीत आपापला बंदोबस्त करून ठेवला आहे. ओवीने पहिल्या तीन चरणांना यमकाने बांधून चौथा मोकळा सोडला; मोठ्या अभंगाने दुसऱ्या व तिसऱ्या चरणावर भागविले. वामन पंडितांना तर ‘यमक्या वामन’ हे नावच पडले, आणि मोरोपंतांच्या आर्येत कित्येकदा अर्थ यमकाच्या मागून धापा टाकीत येतो, असे त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते. गझलेचा कायदा याहून कडक: मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन ओळींत काफिया, म्हणजे यमक, जो ठरेल, तो अखेरच्या शेरापर्यंत पाळावाच लागतो.

पदाला आणखी एक धनी असतो, तो म्हणजे चाल. एकदा अशाच ‘-आळ’च्या पदाचे शब्द नाट्यपदाच्या तयार चालीवर बसविताना मेळ्याचे पेटीवाले बुवा म्हणाले, ‘‘मास्तर, इथं ‘आभाळ’ नको, ‘ळ’वर आवाज अडतो, सूर लांबवायला शेवटी काहीतरी मोकळं द्या.’’ त्यांचे म्हणणे रास्त होते. ‘आभाळ’चे ‘आभाळी’ केले. त्याबरोबर ‘सकाळी’, ‘कपाळी’, ‘डहाळी’, ‘दिवाळी’, ‘टाळी’ अशी नवी रसद हाती आली, ‘दुष्काळ’ही ‘दुष्काळी’ होऊन निभावला. ‘रसाळ’वर बेतलेला अंतरा मात्र काढून टाकावा लागला.