पडद्यामागची कात्री

श्रेयनामावलीत संकलकाचं नाव झळकतं, तेव्हा आपण बहुधा काळोखात खुर्चीचा नंबर चाचपडत असतो. सिनेमा चालला तर नटाचा, पडला तर दिग्दर्शकाचा. संकलक म्हणजे नको तो भाग कापणारा माणूस, एवढीच आपली समजूत. न्यूयॉर्कच्या राल्फ रोझेनब्लमने मात्र बुडते सिनेमे याच कात्रीने काठाला लावले. आणि तेही एकदा नव्हे!

१९६८चा ‘द नाइट दे रेडेड मिन्स्कीज’ घ्या. बर्ट लार हा बुजुर्ग विनोदी नट चित्रीकरण चालू असतानाच वारला. पुढे दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनही दुसऱ्या सिनेमाकडे वळला. उरली नुसती रिळं. रोझेनब्लम त्यांच्याशी नऊ महिन्यांहून अधिक काळ झुंजला. जुन्या न्यूयॉर्कची कृष्णधवल दृश्यं त्याने मध्ये पेरली आणि तुकड्यांना लय दिली.

मग आला वुडी ॲलन. ‘टेक द मनी अँड रन’ (१९६९) या त्याच्या विनोदी सिनेमाच्या चाचणी खेळाला कोणी हसेना. शेवटी तर नायक गोळ्यांनी चाळण होऊन, रक्तबंबाळ होऊन मरत होता. रोझेनब्लमने तो शेवट बदलायला लावला. एका दृश्यामागचं रडवेलं संगीत काढून तिथे उडत्या चालीचं रॅगटाइम घातलं. दृश्य तेच, नट तोच. पण आता हसू येऊ लागलं.

खरी कसोटी लागली ती १९७७च्या ‘ॲनी हॉल’च्या वेळी. मुळात ही प्रेमकथा नव्हतीच. चाळिशीतल्या, कशातच सुख न वाटणाऱ्या आल्व्ही नावाच्या विनोदवीराच्या डोक्यातला तो गुंता होता. नावही ठरलं होतं ‘ॲनहिडोनिया’, म्हणजे आनंद न होण्याचा आजार! पहिला जोड दोन तास वीस मिनिटांचा झाला. त्यात नरकाची सफर होती, तत्त्वज्ञांचा बास्केटबॉलचा सामना होता. एकेक प्रसंग मजेदार, पण कथा पुढे सरकेना. सहलेखक मार्शल ब्रिकमनही तो पाहून निराश झाला. मात्र डायॲन कीटनची ॲनी पडद्यावर आली की सिनेमात जीव यायचा. रोझेनब्लमने तो धागा पकडला आणि दोघे बाकीचं कापत सुटले.

हे लिहायला सोपं आहे. माझ्या एका कादंबरीची पहिली साठ पानं संपादकांनी काढायला लावली, तेव्हा मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नव्हतो. ती पानं अजून कपाटात आहेत. ॲलनने तर महिनोन् महिने खपून, पैसा ओतून चित्रित केलेली दृश्यं सोडली, आणि तीही फालतू नव्हती. चांगलं असूनही जागा चुकलेलं काढणं, यालाच काळीज लागतं.

शेवट तर सापडतच नव्हता. अनेक प्रकार करून पाहिले. अखेर रोझेनब्लमने सुचवलं की आधी येऊन गेलेलेच ॲनी-आल्व्हीचे क्षण पुन्हा जोडावेत, आणि मागे ॲनीचं गाणं ठेवावं. नवं काहीच चित्रित करायचं नव्हतं. तेच तुकडे दुसऱ्यांदा येतात तेव्हा मात्र आठवणी होऊन येतात, आणि घशाशी आवंढा येतो.

सिनेमा उरला ९३ मिनिटांचा. १९७८मध्ये त्याला चार ऑस्कर मिळाली: चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा आणि कीटनचा अभिनय. संकलनासाठी साधं नामांकनही नव्हतं.