गुरुवारची कॉमेडी, रविवारचा सामना

अमेरिकी टीव्हीचा आठवडा विनोदी मालिका आणि व्यावसायिक खेळ या दोघांनी आखून दिला. मालिकेत शेवटचा शब्दही आधी लिहिलेला असतो. सामन्यात शेवटच्या मिनिटापर्यंत कशाचाच भरवसा नसतो. तरी तिथला चाहता दोन्हींबद्दल एकाच दमात बोलतो: कालचा भाग पडला, यंदाचा हंगाम गेल्या वर्षीच्या पासंगालाही पुरत नाही, अमक्याला आता घरी बसवा. या सवयीला चाहत्याच्या स्वभावाइतकेच, किंबहुना अधिकच, टीव्हीचे वेळापत्रक कारणीभूत आहे. दोन्ही प्रकार ठरल्या वारी, ठरल्या वेळी घरात येत आणि पुढचा आठवडाभर बोलायला विषय ठेवून जात.

सिटकॉमचा, म्हणजे ठरावीक पात्रांच्या अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेचा, साचा 'आय लव्ह ल्यूसी'ने पक्का केला. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी, सोमवारी रात्री, ती सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. त्या काळी बरेचसे कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होत आणि पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला टीव्हीच्या पडद्याचेच चित्रण करून काढलेली धूसर प्रत येई. ल्यूसिल बॉल आणि तिचा नवरा डेसी आर्नाझ यांना लॉस एंजेलिस सोडायचे नव्हते. मग समोर प्रेक्षक बसवून, तीन कॅमेऱ्यांनी, फिल्मवर चित्रण करायचे ठरले. कॅमेऱ्याची बाजू जर्मनीत 'मेट्रोपोलिस' चित्रित केलेल्या कार्ल फ्रॉइंडने सांभाळली. नाटकाचा जिवंतपणा टिकला आणि पुन्हा पुन्हा दाखवता येईल अशी स्वच्छ प्रतही हाती राहिली. जुने भाग विकण्याचा मोठा धंदा पुढे अशाच प्रतींवर उभा राहिला. १९ जानेवारी १९५३ रोजी ल्यूसीला मुलगा होतो तो भाग सुमारे ४.४ कोटी लोकांनी पाहिला; त्याच दिवशी बॉललाही खरोखरच मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी होता. त्याला इतके प्रेक्षक लाभले नाहीत.

ज्या मालिकांसमोर प्रेक्षक नसत त्यांना हसू बाहेरून आणावे लागे. ते पुरवी चार्ली डग्लस हा ध्वनितंत्रज्ञ. त्याने ध्वनिमुद्रित हशांची एक पेटीच तयार केली होती. टाइपरायटरसारख्या कळा दाबल्या की खिदळणे, खो-खो, दबके हसू असे हवे ते निघे, आणि पायाखालच्या पेडलने त्याचा चढउतार सांभाळता येई. पेटीला कुलूप असे. आत काय आहे हे तो सहसा कुणाला दिसू देत नसे. कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावर बेतलेल्या 'मॅश'च्या निर्मात्यांना हे उसने हसू नकोच होते. वाहिनी हटून बसली. शेवटी शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तरी हशा वाजवायचा नाही, एवढ्यावर तडजोड झाली.

खेळांत टीव्हीला सर्वांत मानवला तो अमेरिकी फुटबॉल, ज्यात चेंडू लांबट असतो आणि बराचसा हातानेच खेळला जातो. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बाल्टिमोर कोल्ट्सने न्यूयॉर्क जायंट्सना जादा वेळेत २३-१७ असे हरवले. सुमारे ४.५ कोटी लोकांनी पाहिलेल्या या अंतिम सामन्याने वाहिन्यांचे डोळे उघडले. १९६१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून एनएफएलला, म्हणजे या खेळाच्या राष्ट्रीय लीगला, सगळ्या संघांचे प्रक्षेपण-हक्क एकगठ्ठा विकायची मुभा दिली आणि लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी तो पैसा संघांत समान वाटण्याची रीत बसवली. जेमतेम लाखभर वस्तीच्या ग्रीन बे शहराचा संघ आजही न्यूयॉर्क-शिकागोच्या संघांशी बरोबरीने झुंजतो, त्याचे मूळ या वाटणीत आहे.

घड्याळावर साठ मिनिटांचा असलेला हा सामना टीव्हीवर तीन तासांहून अधिक चालतो आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सुमारे अकरा मिनिटे. बाकीचा वेळ खेळाडूंची खलबते, समालोचकांच्या गप्पा, पुन्हा दाखवलेली क्षणचित्रे आणि जाहिराती यांत जातो. अर्ध्या तासाच्या सिटकॉममध्येही गोष्ट असते साधारण २२ मिनिटांची. लेखक जाहिरातीच्या अगोदर एखादा पेच टाकून ठेवतो. मैदानाच्या कडेला उभा असलेला टीव्हीचा माणूस तेच काम पंचांना खूण करून साधतो. आयपीएल पाहणाऱ्यांना यात नवल वाटू नये: तिथला 'स्ट्रॅटेजिक टाइम-आउट' २००९ मध्ये आला आणि त्यात डावपेच किती आणि जाहिराती किती, हे घराघरांत ठाऊक आहे. झालेला क्षण लगेच पुन्हा दाखवण्याची युक्ती ७ डिसेंबर १९६३ रोजी लष्कर आणि नौदल यांच्या अकादमींच्या सामन्यात पहिल्यांदा वापरली गेली. तेव्हा समालोचकाला प्रेक्षकांची समजूत घालावी लागली, की लष्कराने दुसऱ्यांदा गुण मिळवलेले नाहीत, हे मघाचेच दृश्य आहे.

वेळापत्रकाची हुकमत आणि तिची मर्यादा १७ नोव्हेंबर १९६८ च्या रविवारी एकदमच कळली. ओकलंडमध्ये न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स यांचा सामना एनबीसीवर चालू होता. पूर्व किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी सातला 'हायडी' हा मुलांसाठीचा चित्रपट लागायचा होता. सामन्याला तीन तास पुरतील, असा हिशेब होता, तो चुकला. सात वाजायला आले तेव्हा जेट्स ३२-२९ असे पुढे होते आणि जेमतेम मिनिटभराचा खेळ उरला होता. सामना संपेपर्यंत चित्रपट थांबवावा, असे अधिकाऱ्यांना ऐनवेळी वाटू लागले. पण कार्यालयात फोन लागेना. 'हायडी' वेळेवर लागेल ना, असे विचारणारे पालक आणि सामना तोडू नका म्हणणारे चाहते या दोघांनी मिळून टेलिफोन एक्स्चेंज तुंबवून टाकले होते. नियंत्रण कक्षाने मग आधीचा हुकूम पाळला. पडद्यावर आल्प्सचे डोंगर आले आणि तिकडे रेडर्सनी काही सेकंदांच्या अंतराने दोन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) करून सामना ४३-३२ असा जिंकला. चूक सावरायला एनबीसीने निकालाची ओळ पडद्यावर सरकवली, तीही चित्रपटातल्या नेमक्या हळव्या प्रसंगावर. म्हणजे आतापर्यंत खूश असलेला निम्मा प्रेक्षकवर्गही चिडला. वाहिनीच्या अध्यक्षांना जाहीर माफी मागावी लागली. पुढे सामना संपल्याशिवाय प्रक्षेपण तोडायचे नाही, असा दंडक पडला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २१ सप्टेंबर १९७० रोजी, एबीसीने 'मंडे नाइट फुटबॉल' सुरू केले. त्यामागचे डोके रून आर्लेज यांचे. फुटबॉलची फारशी गोडी नसलेल्यांनाही टीव्हीसमोर बसवायचे, हा त्यांचा बेत होता. त्यासाठी त्यांनी समालोचनाला चढ्या आवाजात मते ठोकून देणारा हॉवर्ड कोसेल आणि त्याची फिरकी घेणारा माजी खेळाडू डॉन मेरेडिथ यांची जोडी बसवली. ही मांडणी सरळसरळ विनोदी मालिकेची होती.

मालिकांनीही खेळाकडून उसनवारी केली. १९८२ मध्ये सुरू झालेल्या 'चीअर्स'चा नायक सॅम मलोन हा बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा निवृत्त गोलंदाज. तो बार चालवतो आणि जुन्या पुण्याईवर जगतो. पहिल्या वर्षी ही मालिका लोकप्रियतेच्या यादीत तळाशी होती, तरी एनबीसीने धीर धरला. १९८४ पासून गुरुवारच्या रात्री 'द कॉस्बी शो'च्या सोबतीने तिचे नशीब उजळले. गुरुवारचा भाव अधिक असण्यामागे व्यवहार होता: शनिवार-रविवारी लोकांनी सिनेमाला यावे म्हणून चित्रपट कंपन्या याच रात्री जाहिराती लावत. 'साइनफेल्ड' मालिकेत जॉर्ज हे पात्र न्यूयॉर्कच्या यांकीज या बेसबॉल संघात नोकरीला लागते. संघाचे खरे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर तिथे पात्र म्हणून येतात; दिसते ती फक्त पाठ, आणि आवाज असतो मालिकेचा सहनिर्माता लॅरी डेव्हिडचा. २८ जानेवारी १९९६ रोजी सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, संपताच 'फ्रेंड्स'चा खास भाग लागला आणि त्याला सुमारे ५.२९ कोटी प्रेक्षक मिळाले.

दोन्हींच्या रचनेतही एक साम्य आहे. जुन्या सिटकॉममध्ये कितीही गोंधळ झाला तरी भाग संपताना घडी पूर्ववत बसते. कोणताही भाग कुठूनही पाहता यावा, ही त्यामागची सोय. लीग हेच काम वर्षाच्या शेवटी करते. १९३६ पासून एनएफएलमध्ये सर्वांत तळाच्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळते. हरलेल्या गावालाही दर सप्टेंबरला आशा वाटते, ती अशी ठरवून पुरवलेली असते.

मालिका आणि खेळ या दुहेरी आवडीला लेखनात प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत बॉस्टनचा बिल सिमन्स ठळक. २००१ पासून ईएसपीएन या क्रीडावाहिनीसाठी लिहिताना त्याने वार्ताहराचा तटस्थपणा बाजूला ठेवला. घरी सोफ्यावर बसून सामना पाहणाऱ्याच्या नजरेने तो लिही आणि खेळाडूंच्या अदलाबदलीचे गुणदोष टीव्ही मालिकांच्या उदाहरणांनी समजावी. खेळाच्या पानावर हे शोभत नाही, अशी कुरकुर झाली. वाचक मात्र त्याच्यासाठीच ते पान उघडत.

'मॅश'चा अडीच तासांचा शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ रोजी सुमारे १०.६ कोटी लोकांनी पाहिला. हा विक्रम सत्तावीस वर्षे टिकला. २०१० च्या सुपर बोलने तो मोडला. मग पारडे झपाट्याने एका बाजूला झुकले. २०१४ मध्ये सीबीएसने गुरुवारचे फुटबॉल घेतले, तेव्हा 'द बिग बँग थिअरी'सारख्या आघाडीच्या मालिकेला काही आठवडे सोमवारी हलवण्यात आले. २०२३ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० प्रक्षेपणांपैकी ९३ एनएफएलचे सामने होते. मालिका नंतरही पाहता येते. सामन्याचा निकाल मात्र फोनवर तत्काळ येऊन पडतो, त्यामुळे तो घडतानाच पाहावा लागतो. जाहिरातदारांना नेमके हेच हवे असते.

कॉमेडी संपलेली नाही, तिची जागा बदलली आहे. 'टेड लासो' हे पात्र २०१३ मध्ये इंग्लिश प्रीमियर लीगच्या एनबीसीवरील प्रक्षेपणाच्या जाहिरातीसाठी रचले गेले. २०२० मध्ये ॲपलने त्याची मालिका केली आणि पुढे तिला लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. २०२२ पासून गुरुवारचे फुटबॉल ॲमेझॉनकडे आहे. मालिकेचा अख्खा हंगाम एकाच दिवशी हाती देऊन आठवड्याची वाट पाहणे मोडीत काढणाऱ्या नेटफ्लिक्सने २०२४ च्या नाताळात एनएफएलचे दोन सामने दाखवले, अर्थात ठरल्या वेळी आणि थेट.