बंदिवासानंतरचे पहिले दोन आठवडे

शिक्षा भोगून सुटणारा बंदी दीर्घकाळ मादक द्रव्यांपासून दूर राहिलेला असतो. तेव्हा त्याचे व्यसन सुटलेच असले पाहिजे, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज किती घातक आहे, हे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात झालेल्या पाहणीने दाखवून दिले. १९९९ ते २००३ या काळात तेथील कारागृहांतून सुटलेल्या ३०,२३७ व्यक्तींची माहिती त्यासाठी तपासण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातील इतर रहिवाशांच्या जवळजवळ १३ पट होता. या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण होते मादक द्रव्याची अतिमात्रा.

याचे मूळ शरीरधर्मात आहे. हेरॉइन, फेंटानिल यांसारखी अफूवर्गीय द्रव्ये शरीराच्या अंगवळणी पडतात व मात्रा वाढत जाते. कारागृहात ती मिळेनाशी झाली, की सोसण्याची ही शक्ती ओसरते; ओढ मात्र शिल्लक राहते. सुटल्यावर पूर्वीचीच मात्रा घेतली असता श्वसन मंदावते आणि मृत्यू ओढवतो. सक्तीचा संयम म्हणजे उपचार नव्हे.

वास्तविक उपचार उपलब्ध आहेत. मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे ओढ आणि नशा तुटल्यामुळे होणारा त्रास शमवितात. नाल्ट्रेक्सोन नशेचा परिणामच रोखते. एका नशेच्या जागी दुसरी नशा, हा यांवरील आक्षेप जुनाच आहे. परंतु ठरावीक मात्रेत, वैद्यकीय देखरेखीखाली घेतलेले औषध माणसाला कामधंदा करू देते, हा भेद आक्षेपकांच्या ध्यानात येत नाही.

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य होय. तेथे कच्चे कैदी आणि शिक्षा झालेले कैदी एकाच खात्याच्या ताब्यात असतात. त्यामुळे अंमलबजावणी सुकर झाली. २०१६ साली तेथे बंदींची तपासणी करून गरजूंना ही तिन्ही औषधे उपलब्ध करून देण्यास प्रारंभ झाला. बाहेर चालू असलेले औषध आत तोडले जात नाही आणि सुटकेपूर्वीच बंदीची बाहेरील उपचार केंद्राशी गाठ घालून दिली जाते. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत राज्यात अतिमात्रेने मरण पावलेल्यांपैकी २६ जण आदल्या वर्षभरात बंदिवासात राहिलेले होते. २०१७ च्या त्याच काळात असे ९ जण होते. आकडे लहान आहेत खरे, पण राज्यही लहान आहे.

अडचण बहुधा औषधाची नसते, ती सांध्याची असते. व्यसनोपचारासाठीचे मेथाडोन अमेरिकेत परवानाप्राप्त केंद्रांतूनच मिळते. सुटका सायंकाळी झाली आणि केंद्र सकाळीच उघडणारे असले, तर मधली रात्र धोक्याची ठरते. शिवाय १९६५ साली सुरू झालेली मेडिकेड ही गरिबांसाठीची आरोग्य योजना कारागृहातील उपचारांचा खर्च सर्वसाधारणपणे देत नाही. सुटल्यावर ओळखपत्र, अर्ज, प्रतीक्षा हे सारे नव्याने करावे लागते. जानेवारी २०२३ मध्ये या नियमातून कॅलिफोर्नियाला प्रथम सूट मिळाली. सुटकेपूर्वीच्या ९० दिवसांपर्यंत ठरावीक सेवांचा खर्च या योजनेतून करण्याची, तसेच बाहेर पडताना औषधे बंदीच्या हाती देण्याची तरतूद त्यात आहे.

भारतात दिल्लीच्या तिहार कारागृहात २००८ साली ब्युप्रेनॉर्फिनवर आधारित उपचार सुरू झाले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात तर त्याही आधीची पायरी आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीस तत्काळ तुरुंगात न धाडता, तिच्या संमतीने, शासकीय वा शासनमान्य संस्थेत उपचारांसाठी मुक्त करण्याचा अधिकार कलम ३९ न्यायालयास देते.