वळणावरची गाडी आणि एक पोलादी दांडा

जुन्या मोटारींची हौस असलेल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. वळणावर गाडी फार झुकते, तर जाड अँटी-रोल बार बसवावा काय? यालाच कोणी स्वे बार म्हणतात, कोणी स्टॅबिलायझर बार. नावे तीन, वस्तू एक. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते : बसवा, पुढे बसवा, मागेही बसवा, जितका जाड तितका चांगला. हे उत्तर अर्धवट आहे असे आमचे म्हणणे आहे, आणि मोटारीच्या बाबतीत अर्धवट उत्तर जिवावर बेतू शकते. हे कसे, ते एका गाडीच्या हकीकतीवरून चांगले समजते. ती गाडी म्हणजे अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेर. आमच्यापाशी इंजिनिअरिंगची पदवी नाही. गॅरेजात राबणाऱ्या मित्रांना विचारून आणि वाचनालयात बसून जे उमगले, तेवढेच आम्ही येथे मांडतो.

प्रथम हा दांडा काम कसे करतो ते पाहू. गाडीच्या रुंदीइतका पोलादी दांडा, दोन्ही टोकांशी वाकवलेला. त्याचा मधला भाग रबरी बुशांत बसवून सांगाड्याला पकडलेला असतो आणि टोके डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली तर दांडा बुशांत नुसता फिरतो, काहीच विरोध करीत नाही. परंतु वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते, बाहेरचे चाक बॉडीच्या मानाने वर जाते आणि आतले खाली येते. त्या वेळी दांडा पिळला जातो. पोलादाला पीळ आवडत नाही. तो उलटून जोर करतो आणि गाडीचे कलणे कमी होते. हा जोर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २४ मिलिमीटरचा दांडा घातला तर जाडी वाढली पाचवा हिस्सा, पण ताठपणा झाला दुपटीहून जास्त. डोळ्यांना फरक किरकोळ दिसतो म्हणून फसू नये.

आता खरी गोष्ट. हा दांडा टायरला नवी पकड देत नाही. वळण घेताना आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो एकूण किती जाईल हे गाडीचा वेग, वळणाची गोलाई, वजनाची उंची आणि चाकांमधले अंतर यांवर ठरते. दांडा त्यात फारसा फरक करू शकत नाही. तो ठरवतो एवढेच की त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या जोडीने. हे वाटप महत्त्वाचे का? गोदीतल्या हमालाला विचारा. दोन हमालांनी एकेक गोणी वाहिली तर काम नीट होते. त्यातल्या एकाच्या पाठीवर दोन्ही लादल्या आणि दुसऱ्याला मोकळा सोडला, तर माणसे दोन असूनही काम तितके होत नाही. टायरचेही तसेच. भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच भरते. म्हणून ज्या जोडीवर भाराची फेकाफेक जास्त, ती जोडी आधी घसरते.

यावरून नियम निघतो. पुढचा दांडा ताठ केला की गाडीचे नाक वळणाबाहेर सरकू पाहते. चालकाला ते स्टिअरिंगवर जाणवते आणि पाय आपोआप सैल पडतो. मागचा दांडा ताठ केला की शेपूट बाहेर जाते, आणि शेपूट निसटली की ती सावरणे सामान्य माणसाच्या हातचे नाही.

कॉर्व्हेर १९६० च्या मॉडेलपासून बाजारात आली. हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे इंजिन मागे, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर. त्यात मागचा आस स्विंग अॅक्सल पद्धतीचा : अर्धा आस फक्त मधल्या डिफरन्शियलपाशी सांध्याने जोडलेला, बाहेरच्या टोकाला चाक घट्ट. चाक खाली-वर झाले की ते तिरपे होणारच. जोरात वळण घेतले म्हणजे रस्त्याचा आडवा रेटा गाडीचा मागचा भाग वर उचलतो, बाहेरचे चाक आत दुमडू लागते आणि टायर कडेवर उभा राहतो. पकड गेली ती एकदम जाते, सूचना देऊन जात नाही.

अशा गाडीला पुढे अँटी-रोल बार हवाच होता. म्हणजे पुढच्या टायरांनी भार-बदलाचा मोठा वाटा घेतला असता, नाक आधी सरकले असते आणि मागचे चाक दुमडण्याच्या वेळेपर्यंत गोष्ट गेलीच नसती. १९६० ते १९६३ च्या साध्या गाड्यांवर तो दांडा नव्हता. त्याऐवजी कंपनीने टायरच्या हवेवर भिस्त ठेवली : थंड असताना पुढे १५ पौंड आणि मागे २६ पौंड. पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याने चारही टायर सारखे भरले की हिशेब संपला! १९६२ साली जादा पैसे मोजणाऱ्याला पुढचा दांडा मिळू लागला. शेव्हरोलेचे प्रमुख नड्सन यांनी सर्वच गाड्यांवर सुधारणा मागितली, खर्च गाडीमागे सुमारे १५ डॉलर, आणि वरिष्ठांनी प्रथम ती महाग म्हणून नाकारली, असे डीलोरिअन यांच्या सांगण्यावरून १९७९ मध्ये निघालेल्या पुस्तकात नोंदलेले आहे. मिशिगनमधील विलो रन कारखान्यात ज्यांनी या गाड्या जोडल्या, त्यांना नट कुठला हे सांगितले जाई. दांडा का नाही हे विचारण्याची सोय नव्हती. असो.

१९६४ च्या मॉडेलवर पुढचा दांडा सरसकट आला आणि मागे एक आडवा कमानपाटाही. या पाट्याची मौज अशी की त्याचे काम स्वे बारच्या नेमके उलट. तो मधोमध टेकलेला असल्याने गाडीच्या कलण्याला विरोध करीत नाही, पण दोन्ही चाके एकदम आत दुमडू लागली की अडवतो. १९६५ च्या मॉडेलपासून तर स्विंग अॅक्सलच गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ नेडर यांचे पुस्तक निघाले. त्याचे पहिले प्रकरण या गाडीवर होते. जनरल मोटर्सने नेडर यांच्यामागे गुप्त चौकशी लावल्याबद्दल अध्यक्ष रोश यांना मार्च १९६६ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली, आणि सप्टेंबरात वाहन-सुरक्षेचा कायदा झाला.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७२ च्या सरकारी अहवालाने चाचण्या घेऊन म्हटले की १९६० ते ६३ ची कॉर्व्हेर तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. आम्हाला हे खोटे वाटत नाही. पण शेजाऱ्याचे छप्परही गळते म्हणून आपले गळणे थांबत नाही. दांडा १९६४ साली बसवता आला, म्हणजे १९६० सालीही बसवता आला असता.

आता ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी आहे त्यांनी काय करावे? पहिल्या चार वर्षांच्या कॉर्व्हेरला पुढे अँटी-रोल बार बसवणे ही सर्वांत शहाणी सुधारणा होय. मागे ताठ दांडा मात्र कदापि बसवू नये. गाडी सरळ उभी राहिलेली दिसेल आणि चालक खूष होईल, पण भार-बदल नेमका त्या दुमडणाऱ्या चाकांवर जाईल. मागे हवा असेल तर तो आडवा पाटा घ्यावा. नव्या पकडदार टायरांनी धोका टळला असेही समजू नये. पकड वाढली की मागचा भाग उचलणारा आडवा रेटाही वाढतो.

इंजिन पुढे आणि मागे एकसंध आस असलेल्या जुन्या गाड्यांचा हिशेब वेगळा. त्यांचे नाक मुळातच फार बाहेर जात असेल तर मागे बारीकसा दांडा उपयोगी पडतो. पण अतिताठ दांडा खड्ड्यांच्या रस्त्यावर एका चाकाचा धक्का दुसऱ्यालाही देतो, हे आपल्याकडच्या लोकांनी आधी पाहावे. आपल्याकडे म्हणताना मद्रासला १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्डही ध्यानात घ्यावी : इंजिन पुढे असले तरी तिचाही मागचा आस स्विंग अॅक्सलच. १९७२ साली तिच्याच पोटी आलेल्या गॅझेलला कंपनीने एकसंध आस दिला. कॉर्व्हेरचा धडा हेराल्डवाल्यांना जवळजवळ तसाच लागू आहे.

कामाचा क्रम आम्ही असा सांगू. आधी टायर, शॉक अॅब्सॉर्बर आणि जुने बुश तपासावेत. गळके शॉक अॅब्सॉर्बर ठेवून दांडा बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. मग दांडा जिथे आवळायचा तिथला पत्रा ठोकून पाहावा. ताठ दांडा त्या जागेवर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ओढ देतो आणि गंजलेला पत्रा फाटतो. पत्रा सडला असेल तर आधी वेल्डिंग, मगच दांडा. बोल्टची शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी करून करावी, नाहीतर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, एकेक पायरीने वेग वाढवीत घ्यावी. आणि टायरच्या हवेचे पुढचे-मागचे आकडे रंगाने दाराच्या आतल्या अंगाला लिहून ठेवावेत, म्हणजे पंपावरच्या पोऱ्यालाही ते वाचता येतील.