मका आला, चुना तिथेच राहिला

पावसाळ्यात माथेरानला निघालेली माणसं नेरळला उतरतात, तेव्हा शेगडीवर भाजलेल्या कणसाचा वास येतोच. मीठ-तिखटात बुडवलेली लिंबाची फोड त्या कणसावर घासून देतात. मेक्सिकोतल्या रस्त्यांवरही कणीस असंच, लिंबू आणि तिखट लावून खातात. मका मूळचा तिथला आणि मिरचीही तिथलीच. लिंबू मात्र आशियातलं, ते स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून मिरची गोव्यात उतरली आणि आपल्या मिऱ्या-पिंपळीची जागा घेत गेली. पृथ्वीच्या दोन बाजूंच्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, त्याच चवी एका कणसावर आणल्या!

मेक्सिकोचा स्वयंपाक म्हणजे मिरची, असं आपण धरून चालतो. मला त्याचा खरा पाया चुन्यात दिसतो. नेरळच्या पानटपरीवर डबीत असतो, तोच चुना. तिथे मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच भिजू देतात आणि सकाळी चोळून धुतात. साल सुटून वाहून जातं. मग ते ओले दाणे मेटाटेवर, म्हणजे तीन पायांच्या तिरप्या दगडी पाट्यावर वाटतात. त्या पिठाची पातळ तोर्तिया कोमाल नावाच्या तव्यावर भाजली जाते. तेच पीठ कणसाच्या किंवा केळीच्या पानात बांधून उकडलं की तामाल होतो. आपली पानगी आठवावी असा. हे किमान तीन हजार वर्षं चाललं आहे. युनेस्कोने २०१० साली मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा हा चुन्यातला मकाही त्या मानात होता.

खुद्द मका हीच माणसाची करामत आहे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत, बालसास नदीच्या खोऱ्यात, तिथल्या लोकांनी तेओसिंते नावाच्या गवतापासून तो पिढ्यान्‌पिढ्या निवडत घडवला. त्या गवताच्या कणसात जेमतेम पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. पण मक्याच्या दाण्यात एक अडचण उरली. त्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व अशा रीतीने बांधलेलं असतं, की आपल्या आतड्यांना ते सोडवता येत नाही. चुन्याच्या क्षाराने ती गाठ सुटते. शिवाय दाण्यात कॅल्शियम मुरतं, ते वेगळंच.

हे समजून घ्यायला नेरळ-कर्जतच्या बाजारात पहिल्या पावसात यावं. डोंगरपायथ्याच्या वाड्यांतल्या ठाकर आणि कातकरी बाया शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. शेवळ नुसतं शिजवून खाल्लं तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढू नये; त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून त्या बाया शेवळांच्या जुडीबरोबर काकडाची आंबट फळं देतात. काकडाचा रस घातला, की तीच भाजी वालाबरोबर किंवा सोड्यांबरोबर मेजवानीची होते. शेवळाला आम्ल लागतं, मक्याला क्षार. चुना हे मक्याचं काकड आहे. दोन्हीकडे हे शोधणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, आणि माझ्या लेखी त्यांची योग्यता कुठल्याही रसायनशास्त्रज्ञाहून कमी नाही.

युरोपीय लोकांनी मका नेला, चुना नेला नाही. घेऊन जाणाऱ्यांना तो बिनकामाचा उपचार वाटला असावा. गरिबांनी मक्यावरच दिवस काढले, आणि १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार कसाल या वैद्याने एका विचित्र रोगाचं वर्णन केलं. कातडी उन्हाने भाजल्यासारखी होते, जुलाब लागतात, शेवटी बुद्धी भ्रमते. पुढे उत्तर इटलीत त्याला पेलाग्रा हे नाव मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो माणसं मारली. डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४पासून खपून दाखवलं, की हा संसर्ग नसून आहाराचा दोष आहे. तो दोष नायासिनच्या अभावाचा, हे १९३७ साली कळलं. मेक्सिकोतल्या बायका मात्र रोज रात्री दाणे चुन्यात भिजत घालतच होत्या.

रायगडात मका असाच चुन्यावाचून आला, तरी इथे त्याने कुणाला छळलं नाही, कारण तो कणसापुरताच राहिला. पोट भरायला भात होता, वरकस जमिनीतली नाचणी-वरी होती, भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर येणारे कडवे वाल होते. मेक्सिकोच्या शेतातही मका एकटा नसतो. मिल्पा नावाच्या त्या शेतात घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, त्याची मुळं जमिनीला नत्र देतात, आणि खाली भोपळ्याची पानं ओल धरून ठेवतात. मध्ये आपोआप उगवणाऱ्या रानभाज्या खुडून खायच्या, जसा इकडे टाकळा आणि कुर्डू.

चुन्यातला मका घरी करून पाहण्यासारखा आहे. किलोभर कडक वाळलेले दाणे घेतले तर दहा ग्रॅमच्या आसपास खाण्याचा चुना पुरतो. भांडं स्टीलचं घ्यावं, ॲल्युमिनियमचं नको. दाणे पिवळेजर्द होतात आणि ओल्या मातीसारखा वास सुटतो. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते. हे वाटलेलं पीठ चिरत नाही, हवं तितकं पातळ थापलं जातं.